पुडिंग आणि पप्पांचा भोंगा

नवीन माणूस भेटला, नाव विचारून झालं, की तुम्ही दुसरा प्रश्न कोणता विचारता? घाई करू नका, खरं सांगा. 'आडनाव काय?' की जरा आडवळणाने, 'मूळचे कुठले?' की अगदी सभ्यपणे, 'तुमचं घराणं कोणतं?'

मला हा प्रश्न इंग्लंडमध्ये, मेडनहेडच्या एका गृहप्रवेशात, हातात ढोकळ्याची बशी देता देता विचारला गेलाय. बर्मिंगहॅमच्या बसमध्ये, मागच्या सीटवरून पुढे वाकून विचारला गेलाय. पण सगळ्यात सरळ विचारला तो एका गोऱ्या माणसाने, ब्रिस्टलबाहेरच्या एका कुरणात, चहाचा मग हातात धरून. आणि त्या प्रश्नामुळे मला जो उन्हाळा मिळाला, त्याचे उपकार मी अजून मोजतेच आहे.

आज हे आठवायचं कारण म्हणजे केस. एप्रिल आलाय आणि आमची घोडी पुडिंग झडायला लागलीय. घोड्याचा हिवाळी कोट उतरतो तेव्हा तो कपाटात ठेवता येत नाही. तो माझ्या जॅकेटवर असतो, चहात असतो, दातांत असतो. सकाळपासून मी रबरी कंगवा तिच्या पाठीवर गोलगोल फिरवतेय आणि काळ्या-पांढऱ्या केसांचे पुंजके वाऱ्यावर कुंपणाकडे चाललेत. तिथे छोटे पक्षी टपून बसलेत. ते केस चोचीत घेऊन झुडपात शिरतात. पुढच्या महिन्यात तिथे पिल्लं असतील, पुडिंगच्या अंगावरच्या उबेत. मग मी ट्रेनमध्ये बसेन, आणि शेजारचा माणूस हळूच उठून दुसरी सीट शोधेल. दरवर्षी असंच होतं. दरवर्षी मला त्या एका वर्षाची आठवण येते.

पुडिंग ही कॉब जातीची घोडी. म्हणजे पाय आखूड, पाठ रुंद, खुरांवर केसांच्या झालरी, आणि चेहऱ्यावर सदैव 'जेवण झालं का?' असा भाव. या देशात प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट असतो. त्यात आईबापाची नावं लिहायची जागा असते. मोठ्या घोड्यांच्या पासपोर्टात पिढ्यान्‌पिढ्या उतरलेल्या असतात. पुडिंगच्या पासपोर्टात बाप: माहीत नाही, आई: माहीत नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं आणि मला ही घोडी एकदम आवडली.

तिची मालकीण ग्वेन. वेल्सची, पन्नाशीतली, आवाज असा की तीन शेतांपलीकडची मेंढरं वळून बघतात. ग्वेन जाउस्टिंग करते. अंगभर पोलादी चिलखत, डोक्यावर टोप, काखेत लांब भाला, आणि मधोमध लाकडी कठडा. कठड्याच्या दोन बाजूंनी दोन घोडेस्वार समोरासमोर धावत येतात आणि एकमेकांच्या छातीवरच्या ढालीवर भाल्याचं टोक फोडतात. टोक हलक्या लाकडाचं असतं, फुटण्यासाठीच केलेलं. टोक फुटलं की गुण. समोरच्याच्या घोड्याला भाला लागला तर तुम्ही बाद. हे सगळं नाटक असतं, असं मला वाटायचं. एका किल्ल्यातल्या खेळात मी ग्वेनला पाहिलं, नंतर तिच्या दंडावरचा जांभळा-हिरवा डाग पाहिला, आणि कळलं की मार खरा असतो.

मी तिच्याकडे गेले ती भांडायलाच. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. पप्पा बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला, आणि शनिवार-रविवारी आमच्या गॅरेजमध्ये छापखाना. विहारातले कार्यक्रम, एप्रिलमधली जयंती, कौन्सिलपुढची निदर्शनं, भारतातल्या कुठल्याशा गावात कुणाला मारलं त्याचा निषेध; प्रत्येकाचं पत्रक निघायचं. मराठी वाचायला मी त्यांवरच शिकले. घड्या घालता घालता एकेक अक्षर लागत गेलं. पप्पांचा नियम होता, पत्रकाची सुरुवात प्रश्नाने करायची आणि शेवटी वाचणाऱ्याला काम सांगायचं. काम न सांगणारं पत्रक म्हणजे रद्दी.

तर मी ग्वेनला म्हणाले, "हा राजेरजवाड्यांचा खेळ आहे. गरिबांच्या जिवावर जगणाऱ्यांचा. तुम्हाला लाज नाही वाटत?"

ग्वेन घोड्याचा खूर साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या राजेरजवाड्यांचे घोडे कोण धूत होतं?"

"गरीबच."

"मग घोडे कुणाचे झाले? ते फावडं घे. लीद तिकडे टाकायची."

अशी माझी भरती झाली. आठवडाभर ब्रिस्टलमध्ये विमानाच्या पंखांवर येणाऱ्या ताणाची गणितं करायची आणि शनिवारी लीद उचलायची. घरी फोनवर सांगितलं. पप्पा म्हणाले, "सरंजामदारांचे कपडे घालणार तू?"

मागून आईचा आवाज आला, "पत्र्याचे आहेत म्हणे. इस्त्री तरी नको."

घोड्याला जाउस्टिंग शिकवायचं म्हणजे त्याला एकेका भीतीशी ओळख करून द्यायची. आधी आवाज. आम्ही पुडिंगच्या खोगिराला पातेल्यांची झाकणं बांधली आणि तिला कुरणातून फिरवलं. पहिल्या दिवशी ती दोन पायांवर उभी राहिली, महिन्याभरात खडखडाट करत झोपायला लागली. मग कापड. लढतीत घोड्याच्या अंगावर घोळदार झूल असते, ती पायांत फडफडते. मग कठडा, त्याला अगदी चिकटून चालायचं. मग भाला, जो तिच्या कानाजवळून पुढे सरकतो. आणि सगळ्यात शेवटी समोरून अंगावर येणारा दुसरा घोडा.

यातली खरी गोष्ट मला खूप उशिरा समजली. टोप घातला की डोळ्यांसमोर फक्त एक फट उरते. खाली काही दिसत नाही. घोडीची मान दिसत नाही, स्वतःचे हात दिसत नाहीत, ऐकू येतो फक्त स्वतःचा श्वास. उजव्या हातात भाला, डाव्या बाजूला ढाल. लगाम जवळजवळ सोडूनच द्यायचा असतो. सरळ धावायचं काम घोडीचं. तिने मनात आणलं तर ती कठड्यापासून दूर होईल, आणि तुम्ही हवेत भाला खुपसून पुढे निघून जाल. तिच्यावर जबरदस्ती करायला तुमच्याकडे हातच उरलेले नसतात. तिला ते पटलेलं असावं लागतं. मे महिना सगळा मी तिला ते पटवण्यात घालवला. रोज संध्याकाळी कामावरून सुटून तिथे जायचं, कठड्याच्या एका टोकाशी उभं राहायचं, लगाम सैल सोडायचा आणि विचारायचं, "जायचं?" कधी ती निघायची, कधी गवत खायला खाली वाकायची. वाकली की तो दिवस संपला, असं ग्वेनचं सांगणं. "नाही म्हणायची मुभा नसेल," ती म्हणायची, "तर तिच्या 'हो'ला काय अर्थ आहे?"

त्या संध्याकाळी लांबलचक असायच्या. नऊ वाजून गेले तरी उजेड हटत नसे. कापलेल्या गवताचा वास, दूरच्या मोटरवेची अखंड गुणगुण, पुडिंगच्या मानेवरचा उबदार, किंचित बिस्किटासारखा घाम. मी तिच्या मानेत तोंड खुपसून उभी राहायची आणि मला वाटायचं, इतकी वर्षं आम्ही 'मुक्ती' हा शब्द छापला, पण तो असा श्वास घेताना मला आज दिसला.

पण पुडिंग झाकणांना सरावली, भाल्याला सरावली, समोरच्या घोड्याला सरावली, आणि अडली ती लाउडस्पीकरपाशी. शेजारच्या गावच्या जत्रेत आम्ही तिला सवयीसाठी नेलं होतं. कुणीतरी माइक चालू केला, त्यातून 'कूँऽऽ' असा आवाज निघाला, आणि पुडिंग मागे मागे सरकत थेट केकच्या स्टॉलवर जाऊन बसली. खरोखर बसली. व्हिक्टोरिया स्पंज केकवर. ग्वेनने त्या बायकांची माफी मागितली, सगळे केक विकत घेतले आणि परतताना म्हणाली, "भाल्याला घाबरत नाही, भाषणाला घाबरते. शहाणी आहे."

शहाणी असली तरी अडचण मोठी होती. जाउस्टिंगमध्ये घोषणा टळत नाही. प्रत्येक स्वार मैदानात यायच्या आधी ललकारी देणारा माणूस त्याचं नाव आणि घराणं पुकारतो. ही प्रथा जुनी आहे. पूर्वी म्हणे चार पिढ्यांचं खानदान सिद्ध केल्याशिवाय मैदानात पाऊलच ठेवू देत नसत. आता कुणी सिद्ध करत नाही, पण पुकारतात जरूर.

मी बर्मिंगहॅमला गेले. "पप्पा, तुमचा भोंगा कुठाय?"

भोंगा म्हणजे हातात धरायचा मेगाफोन. निदर्शनांतला, जयंतीच्या मिरवणुकीतला. त्याच्या कडेला निळा रंग लागलेला आणि मुठीवर पप्पांच्या बोटांनी पडलेली झीज. तो माळ्यावरून काढताना पप्पा म्हणाले, "कशाला हवाय?"

"घोडीला ऐकवायला."

"काय ऐकवणार?"

"काहीही. तिला काय कळतंय?"

पप्पा शिडीवरच थांबले. "मित्रा, भोंग्यातून काहीही बोलायचं नसतं." आणि माळ्यावरूनच त्यांनी जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा खाली दिला. माझं पूर्ण नाव संघमित्रा. ते मला मित्रा म्हणतात तेव्हा वाद संपलेला असतो.

मग सबंध जून मी एका कॉब घोडीला मराठी पत्रकं वाचून दाखवली. पहिल्या दिवशी कुरणाच्या पार पलीकडच्या टोकाला उभी राहून, भोंग्याचा आवाज अगदी बारीक करून, आणि पायाशी तिच्या खाण्याची बादली ठेवून. "बंधूंनो आणि भगिनींनो!" ती पळून गेली. दुसऱ्या दिवशी पळाली, पण वळून पाहिलं. आठवड्याने ती तिथेच उभी राहिली, एक कान माझ्याकडे, एक कान पळायच्या दिशेला. मग हळूहळू अंतर कमी होत गेलं आणि आवाज वाढत गेला. "बंधूंनो आणि भगिनींनो! तुमच्या मुलांना शाळेत कोणत्या बाकावर बसवतात, हे तुम्ही कधी विचारलंत का?" कुत्री फिरवायला आलेले लोक कुंपणापाशी थांबून ऐकायचे. एका म्हाताऱ्याने विचारलं, ही प्रार्थना आहे का. मी म्हटलं, जवळजवळ.

जुलै लागला तेव्हा 'बंधूंनो' एवढं म्हटलं की पुडिंग कुरणाच्या टोकावरून दुडदुडत यायची. तिच्या लेखी या शब्दाचा अर्थ जेवण असा होता. ग्वेननेही शब्द उचलला. पहाटे तबेल्याचं दार उघडताना तिचा आवाज घुमायचा, "बॅन्डूनो!" आणि आतून पुडिंग खिंकाळायची.

मी ती पत्रकं लहानपणी हजारोंनी दुमडली होती. ऐकली पहिल्यांदा त्या कुरणात. मोठ्याने वाचल्यावर कळलं की पप्पा किती छोटी वाक्यं लिहितात. दमलेल्या माणसाला, पाळी संपवून घरी निघालेल्याला, बसस्टॉपवर उभं राहून वाचता येतील अशी. मला माझ्या बापाची भाषा एका घोडीमुळे ऐकू आली. याचे आभार कुणाचे मानायचे असतात?

आणि मग रूपर्ट आला.

रूपर्ट म्हणजे आमच्या स्पर्धांचा ललकारी देणारा. एरवी तो घरं विकायचा व्यवसाय करतो. कोंदट खोलीला 'उबदार' आणि मागच्या गल्लीला 'निवांत परिसर' म्हणायची त्याला सवय. ऑगस्टमधल्या स्पर्धेत मला पहिल्यांदा उतरायचं होतं आणि कोणाला उतरवायचं हे त्याच्या हातात होतं. कुरणात चहा पीत त्याने विचारलं, "तर मित्रा, तुझं घराणं कोणतं?"

इंग्लंडमध्ये जन्मले, इंग्रजीत शिकले, आणि तो प्रश्न तिथेही येऊन उभा.

मी काही बोलायच्या आत त्यानेच सुरू केलं. "मी विचार केलाय. 'वाघांच्या देशातून आलेली मराठा राजकन्या, शंभर लढायांच्या वीरांची वारस!' प्रेक्षक वेडे होतील."

"मी राजकन्या नाहीये."

"अगं, इथे कोण आहे? ग्वेनला मी वेल्सच्या राजपुत्राची लेक म्हणून पुकारतो. तिचे वडील दुधाची लॉरी चालवायचे."

"दोन लॉऱ्या," ग्वेन म्हणाली.

"बघ. खेळ आहे हा. तुलाच काय झालं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हणाले, "रूपर्ट, ग्वेनला दूधवाल्याच्या घरात जन्मली म्हणून कुणी विहिरीवरून हाकललं नव्हतं. माझ्या माणसांना हाकललं. घराणं विचारून हाकललं. आता हाकलणाऱ्यांचंच नाव लावून मी मैदानात जाऊ?"

रूपर्टने मगात बघितलं. तो वाईट माणूस नाही. "मला ते माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण घराण्याशिवाय मी कुणाला आत सोडू शकत नाही, तीच तर प्रथा. तू मला दुसरं काही दे, मी ते म्हणेन. नाही दिलंस तर मी राजकन्या म्हणणार. आणि राजकन्या नको असेल तर ती जागा दुसऱ्याला."

तो गेल्यावर मी पुडिंगचा खरारा इतक्या जोराने केला की तिने मला शेपटीने फटका दिला. काय देणार होते मी त्याला? पत्रकातली वाक्यं होती माझ्याकडे, आणि ती अख्ख्या समाजाबद्दल होती. माझ्या घराबद्दल मला काय माहीत होतं? उतरायचं तर होतं. चिखलातले ते सगळे शनिवार, घोडीचं ते सावकाश मिळालेलं 'हो'. आणि उतरायचं ते खोट्या नावाने नाही.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी पप्पा पहिल्यांदा तबेल्यावर आले. इस्पितळातले बूट, नीट भांग, हातात आईने दिलेला चिवड्याचा डबा. ग्वेनला इतका आनंद झाला की तिने आमचा ध्वज आणून त्यांच्या हातात दिला. "घरचं माणूस आलं हे छान झालं! तुम्ही हा घेऊन घोडीच्या पुढे पळायचं. दारापासून कठड्यापर्यंत. घरच्यांचा मान असतो तो."

पप्पांनी ध्वज घेतला, भिंतीला टेकवून ठेवला, आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "आभार. पण मी घोड्याच्या पुढे पळणार नाही."

ग्वेनला वाटलं गुडघे दुखत असतील. मला कळलं की गुडघे नाहीत. मी त्यांच्यामागून कुंपणापाशी गेले. पुडिंग चिवड्याचा वास घेत मागोमाग आली.

"माझा आजा," पप्पा म्हणाले, "राघू. तुझा पणजा. गावात मामलेदार आला की निरोप यायचा आणि आज्याला मामलेदाराच्या घोड्यापुढे पळावं लागायचं. वाट दाखवायला. गावच्या शिवेपर्यंत. उन्हात, अनवाणी. शीव आली की पुढच्या गावचा त्याच्यासारखाच कुणीतरी पळायला उभा असायचा. मग आज्याने परत यायचं आणि घोड्यासाठी चारा काढायचा." त्यांनी पुडिंगच्या नाकावर बोट ठेवलं, जपून, गरम भांड्याला लावतात तसं. "माझा बाप म्हणायचा, अख्ख्या आयुष्यात त्याला कुणी विचारलं नाही, दमलास का."

"हे तुम्ही कधी छापलं नाहीत."

"पत्रक सगळ्यांचं असतं, पोरी. हे आपल्या घरातलं."

मी ग्वेनला सांगितलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. "मी गाढव आहे," ती म्हणाली. "चहा?"

"दोन साखर," पप्पा म्हणाले. थोड्या वेळाने, अर्धा मग संपल्यावर, आपणहून म्हणाले, "पुढे नाही. बाजूने चालेन."

स्पर्धेच्या दिवशी ऊन होतं. किल्ल्याचं गवत पिवळं पडलेलं, तळलेल्या कांद्याचा वास, मुलांच्या हातात लाकडी तलवारी. चिलखतात पाठीवरून घामाचा ओहोळ वाहत होता. रूपर्टला मी सकाळीच पणज्याबद्दल सांगितलं होतं. तो ओशाळला. "हे मी कसं पुकारू?" म्हणाला. "लोक सहलीला आलेत." आणि माइक तपासायला निघून गेला. दाराशी पुडिंगवर बसले तेव्हा तो काय म्हणणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मोठे स्पीकर दाराच्या दोन्ही अंगांना उभे होते. आधी किरकिर झाली. मग रूपर्टचा आवाज गडगडला, "सभ्य स्त्रीपुरुषहो! वाघांच्या देशातून..."

पुडिंगने मान वर फेकली आणि ती गरकन फिरली. झुलीत माझा पाय अडकला. ती मागे सरकली, पुन्हा फिरली, आणि फटीतून मला आकाश, तंबू, आकाश एवढंच दिसत राहिलं. पंचाने हात वर केला. नियम साधा आहे: घोडा शांत नसेल तर आत जायचं नाही. रूपर्ट थांबला. सगळं मैदान थांबलं. माझा उन्हाळा तिथेच, दाराशी संपणार होता.

आणि तेव्हा डाव्या बाजूने ओळखीची खरखर आली.

"बंधूंनो आणि भगिनींनो!"

पुडिंगचे दोन्ही कान वळले. ती उभी राहिली. मग मान खाली घालून तिने बादली शोधायला सुरुवात केली. प्रेक्षकांत हशा पिकला. पप्पा सुपरमार्केटच्या पिशवीतून काढलेला भोंगा तोंडाशी धरून चालत आले आणि घोडीच्या खांद्यापाशी, बरोबर बाजूला उभे राहिले. हातात कागद नव्हता. आधी मराठीत बोलले, मग इंग्रजीत.

"ही संघमित्रा. हिच्या पणज्याचं नाव राघू. तो साहेबाच्या घोड्यापुढे शिवेपर्यंत पळायचा. कारण त्याला नाही म्हणायची मुभा नव्हती. ही घोडी पुडिंग. हिचा बाप माहीत नाही, आई माहीत नाही. हिला मात्र मे महिन्यापासून रोज विचारलंय. आज या दोघी आपल्या मर्जीने पळणार आहेत. हेच यांचं घराणं."

मग रूपर्टने, पुडिंग पुन्हा बिचकू नये म्हणून, माइक बंद केला, खाली ठेवला, आणि नुसत्या घशाने ओरडला, "मित्रा! राघूच्या घराण्याची!" आणि मैदानाने ते नाव परत ओरडून म्हटलं. माझ्या अनवाणी पणज्याचं नाव, इंग्लंडच्या एका किल्ल्यात, हजार चुकीच्या उच्चारांत. टोपाच्या आत रडू नये. पुसता येत नाही.

पप्पा कठड्यापर्यंत बाजूने चालले. मग मी लगाम सैल सोडला. "जायचं?" आणि ती निघाली.

हरले मी. पहिल्या धावेत माझा भाला हवेत गेला आणि समोरच्याचा माझ्या ढालीवर फुटला. बंद दार धाडकन अंगावर यावं तसा तो मार असतो. पुढच्या धावेत मी घाबरून डोळे मिटले. शेवटच्या धावेत उघडे ठेवले, आणि माझ्या हातातलं लाकूड फुटून त्याच्या ढलप्या उन्हात उडाल्या. त्या सबंध वेळात पुडिंग कठड्यापासून वीतभरही हलली नाही. मला काही दिसत नव्हतं आणि ती मला सरळ नेत होती.

उतरल्यावर आई धावत आली, टोप काढला, "कुठे लागलं?" म्हणून अंगावरचा पत्रा चाचपायला लागली. मी पप्पांना शोधत होते. ते माझ्याकडे आले नव्हते. ते पुडिंगच्या तोंडापाशी उभे होते. तिचा ओला गळा हाताच्या उलट्या बाजूने निपटत, आम्हाला कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते तिला विचारत होते, "दमलीस का गं?"

आज पुडिंग म्हातारपणाकडे झुकलीय. आता ती जाउस्टिंग करत नाही, केस गाळते आणि खाते. ग्वेन आता दुधाच्या लॉरीवाल्याची लेक म्हणून पुकारली जाते, दोन लॉऱ्यांसकट, तिच्या हट्टावरून. रूपर्ट 'राघू' हा शब्द अजूनही नीट म्हणू शकत नाही, पण म्हणतो. मी या सगळ्यांची ऋणी आहे. त्या प्रश्नाचीसुद्धा, कारण तो विचारला गेला नसता तर मी पप्पांना विचारलं नसतं.

म्हणून, पत्रकाच्या नियमाप्रमाणे, तुमच्यासाठी एक काम. तो दुसरा प्रश्न नवीन माणसाला विचारणं आजपासून सोडा. तो घरी विचारा. तुमच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला फोन करा आणि विचारा, आपल्यातलं कोण कुणाच्या पुढे पळालं? किंवा, तेही विचारायची हिंमत ठेवा, आपण कुणाला पळवलं? जे उत्तर मिळेल ते चार माणसांत मोठ्याने सांगा. आणि फोन ठेवण्याआधी त्या माणसाला विचारा, दमलात का.

भोंगा लागला तर पप्पांकडे आहे. बॅटऱ्या तुमच्या आणा.